सोबत कोण गेलं?

धाड, ५ फेब्रुवारी

हजर: मी, ओंकार, आमच्या पुण्याच्या कार्यालयात संगणकाचं काम पाहणारा, तायडे सिस्टर, ज्यांच्या अंगणात आम्ही उतरलो, आणि शफीभाई, ज्यांची गाडी तीन दिवसांसाठी बुलढाण्याहून ठरवली होती. गैरहजर कुणी नाही. उलट, यायला नको होती अशी बरीच मंडळी हजर होती.

आधी कामाचं सांगते. आमची संस्था आजारी माणसाच्या घरी लागणारं सामान वापरायला देते: वॉकर, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, डोक्याकडून वर होणारा पलंग आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. या गादीला एक छोटा विजेवरचा पंप असतो. तो आळीपाळीने गादीच्या फुगवट्यांत हवा भरतो आणि सोडतो, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही. गरज संपली की सामान परत यायचं आणि दुसऱ्या घरी जायचं. बुलढाणा जिल्ह्यात आमचं काम तीन गावांत आहे: धाड, देऊळघाट आणि वडनेर भोलजी. तिन्ही गावांचं काम तायडे सिस्टर पाहतात. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या. या तीन गावांत आमच्या संस्थेचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. सिस्टरचं नाव सगळ्यांना माहीत आहे. सिस्टरनी सांगितलं म्हणजे ते करायचं, इतकं ते सरळ आहे.

मी त्यांच्याकडे चालले होते ते सामानाची नोंद मोबाईलच्या ॲपवर आणायला. ओंकारजवळ पाचशे स्टिकर होते. प्रत्येक वस्तूला एक स्टिकर, प्रत्येक स्टिकरला एक क्रमांक. माझ्या वहीत तीन दिवसांची यादी होती आणि प्रत्येक कामापुढे बरोबर-खूण करायला हिरवं पेन. मी रोज सकाळी यादी करते आणि संध्याकाळी बंद करते. दोन मिनिटांत होणारं काम यादीत घ्यायचं नाही, तिथल्या तिथे उरकायचं, हा माझा नियम कार्यालयात भिंतीवर लावलेला आहे.

निघण्याआधी शनिवारी मी सिस्टरना एक मेसेज लिहून पाठवला आणि सांगितलं, हा तुमच्या तिन्ही गावांच्या ग्रुपवर टाका. मेसेज असा होता: 'सोमवारी सकाळी अकरापर्यंत सर्व साहित्य धाड येथे जमा करावे.' सिस्टरनी तो जसाच्या तसा टाकला. खाली आपलं नाव टाकलं, कारण त्या प्रत्येक मेसेजखाली टाकतात.

'सर्व साहित्य' म्हणजे माझ्या मनात होतं, रिकामं पडलेलं सगळं सामान. मी ते लिहिलं नाही.

अंगणात पाऊल टाकलं तर उभं राहायला जागा नव्हती. पलंग उभे करून भिंतीला लावलेले, कमोड खुर्च्यांची रांग, वॉकर एकमेकांत अडकलेले. निंबाच्या सावलीत गुलाबराव नावाचे एक गृहस्थ भावाच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर उभे होते.

"मॅडम, हा घ्या वॉकर," ते म्हणाले. "मोटारसायकलवर बांधून आणला. आता मले सांगा, मी घरी जाऊ कसा?"

"तुमचा वापर सुरू आहे का?" मी विचारलं.

"म्हंजे? मी हौस म्हणून धरून फिरून राह्यलो का?"

अंगणात हशा पिकला. मी वही उघडून पुन्हा मिटली. मेसेज असा का वाचला, असं विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी तो बरोबर वाचला होता.

सिस्टर पांढऱ्या साडीचा पदर खोचून एकेकाजवळ जात होत्या. "तुमचं काय? मोडलं नाही ना माकडहाड परत? घेऊन जा. तुमचं? बुढ्याले कशावर बसवलं आता? पाटावर? बापा! पळा आधी." तासाभरात निम्मं अंगण मोकळं झालं. कुणी रागावलं नव्हतं. सिस्टरनी बोलावलं होतं, म्हणून आले होते. परत जा म्हणाल्या, म्हणून गेले.

आम्ही दुसऱ्या टोकाला स्टिकर लावत होतो. जीपवाल्यांनी टपावरून उतरवलेलं सामान तिथे पडलं होतं, त्यात चादरीत गुंडाळलेली एक हवेची गादी होती. चिठ्ठीवर 'वडनेर भोलजी' इतकंच. सोबत माणूस नव्हता, म्हणून मी धरून चालले की रिकामी असणार. ओंकारने गादीला एक क्रमांक दिला, पंपाला दुसरा, कारण ॲपमध्ये त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गादी गाडीत, वडनेरच्या ढिगात गेली. पंप पंपांच्या खोक्यात. वडनेरला आम्ही बुधवारी जाणार होतो. मी खूण केली.

जेवायला सिस्टरकडे ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी आणि मिरचीचा ठेचा. ओंकारने ठेच्याला चटणीसारखा हात घातला आणि पुढचा अर्धा तास स्टिकर मी एकटीने लावले.

जेवताना मी सिस्टरची वही पाहिली. प्रत्येक वस्तूला एक पान होतं आणि पानावर नुसती नावं, एकाखाली एक. तारीख क्वचित. 'परत आले' असा शेरा एकाही पानावर नाही.

"सामान परत येतच नाही का?" मी विचारलं.

"इथं काऊन येईल?" सिस्टर म्हणाल्या. "एका घरातून दुसऱ्या घरी जाते. पण एकटं जात नाही. ज्या बाईनं वापरलं, थे सोबत जाते. गादी कशी लावायची, माणूस कसं कुशीवर वळवायचं, चादर कशी काढायची, सगळं दाखवते. त्या घरी जेवते, मंग येते. मी नुसतं नाव लिहिते."

पुण्यात आमच्याकडे घरचं माणूस गेलं की चौथ्या-पाचव्या दिवशी फोन येतो, पलंग घेऊन जा. आमचा टेम्पो जातो, सही होते. त्या पलंगाकडे बघवत नाही, असं लोक म्हणतात आणि ते समजण्यासारखं आहे. इथे जिने वर्षभर सासूचं किंवा नवऱ्याचं केलं, ती बाई दुःख थोडं निवल्यावर पलंगासोबत दुसऱ्या गावी जाते. बरेचदा घराबाहेर पडायची तिची ती पहिली वेळ असते. मी वहीत लिहिलं: 'सोबत कोण जातं, याला ॲपमध्ये रकाना नाही.' पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढच्या कामाकडे वळले.

देऊळघाट, ६ फेब्रुवारी

हजर: तेच चौघे.

धाडकडून येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा आणि गहू. मधूनच पांढऱ्या गोंड्यांची शेतं दिसत होती, ती कांद्याच्या बियांची, असं शफीभाईंनी सांगितलं. हवा कोरडी. जाणाऱ्यांसाठी: डोक्याला रुमाल न्या, आणि सकाळी गार आहे म्हणून फसू नका.

देऊळघाटचा दिवस माझ्या यादीतला सगळ्यात चांगला दिवस ठरला. तिथल्या कार्यकर्त्या बायकांना ओंकारने ॲप दाखवलं आणि त्या माझ्या कार्यालयातल्या लोकांपेक्षा लवकर शिकल्या. एकीने विचारलं, "याच्यात आपला फोटो दिसते का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मंग वस्तूचा तरी चांगला काढा, हा त अंधारात काढल्यासारका आहे." फोटो खरंच वाईट होता.

दुपारी निरोप आला की गावातल्या एका घरी हवेच्या गादीचा पंप आदल्या रात्रीपासून बंद आहे. ओंकारने ॲप उघडलं. पंप: एक, उपलब्ध, ठिकाण: गाडी. वीस मिनिटांत नवा पंप त्या घरी चालू झाला. एरवी याला दोन दिवस आणि दहा फोन लागले असते. ओंकारचा चेहरा उजळला होता, माझाही. मी तिथेच उभी राहून पुण्याला मेसेज केला: 'पहिला यशस्वी वापर.'

पंप उचलताना सिस्टरनी फक्त इतकं विचारलं होतं, "याच्यासोबत कोण जाऊन राह्यलं?"

"मी चाललोय ना," ओंकार म्हणाला.

"तुले लावता येते का?"

"व्हिडिओ पाहिलाय."

"व्हिडिओत पेशंट कण्हत नसते बाबू," असं म्हणून त्या चपला घालून त्याच्यासोबत गेल्या.

संस्था कशी वाढते, याचा विचार मी त्या दुपारी चहा पिताना करत होते. आम्ही सुरू केलं तेव्हा मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये एक टेबल होतं. मग कपाट आलं. मग कपाटाची किल्ली सांभाळणारा आला, किल्लीची नोंद आली, नोंद तपासणारी मी आले. प्रत्येक पायरी गरजेची होती. गरज नसताना आम्ही एकही वाढवली नाही. तरी टेबलाजवळ बसून माणसाचं तोंड दिसायचं, ते आता दिसत नाही. ॲपने ते अंतर कमी होईल अशी माझी खात्री होती. वीस मिनिटांचा पंप डोळ्यासमोर होता.

संध्याकाळी पाचला सिस्टरचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. गाडीत आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"सिस्टर, मी दुर्गा बोलून राह्यली, वडनेरहून. आईची गादी कवा येते?"

"कोणती गादी?"

"अवं, तुमीच त मेसेज टाकला, समदं धाडले जमा करा म्हणून. आमच्या यायनं रविवारी बुलडाण्यापर्यंत नेली, तिथून जीपवर टाकली. मले वाटलं, तपासून लगेच परत येते. आज तिसरा दिवस होय. आई साध्या गादीवर हाये. दर दोन घंट्यानं वळवून राह्यली मी, पण कमरेवर लाल दिसून राह्यलं."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून त्या चादरीच्या गाठोड्याकडे पाहिलं. दोन दिवस ते आमच्यासोबत फिरत होतं.

"उद्या सकाळी आणते," सिस्टर म्हणाल्या. "मी सोताच आणते. तू वळवत राह्य. लाल आहे तिथं चोळू नको."

"हाव. पण सिस्टर, असा मेसेज काऊन टाकला तुमी?"

"चुकलं माह्यं," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ओंकार खिडकीबाहेर बघत होता. बोलायची वेळ तीच होती. फोन परत लावायला दोन मिनिटंही लागली नसती. मी शफीभाईंना विचारलं की आत्ता निघता येईल का. गाडीचा एक दिवा बंद होता आणि पुढे घाट होता. "मॅडम, मरीज के पास पहुंचना है ना? तो सवेरे छे बजे," ते म्हणाले. मी वहीत लिहिलं: 'सकाळी ६, वडनेर.'

वडनेर भोलजी, ७ फेब्रुवारी

हजर: चौघे. शिवाय दुर्गा, तिच्या सासूबाई गुंफाबाई, वर्षभरापूर्वी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या, आणि नंतर आलेल्या लीलाबाई.

बुलढाणा उंचावर आहे. राजूरचा घाट उतरताना सागाची पानगळ झालेली दिसते, आणि खाली मोताळ्याकडे लागलं की गाडीच्या काचेतून येणारी हवाच बदलते. तासाभरात स्वेटर काढला. सपाट काळी जमीन, शेवटची वेचणी झालेला कापूस, कडेला तुऱ्हाट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे, भारे. देखावा चांगला होता, पण माझं लक्ष मागच्या गाठोड्याकडे होतं.

दुर्गा दारातच उभी होती. पस्तिशीची, हातात ओलं फडकं. घर दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेलं अंगण. गुंफाबाई डाव्या कुशीवर, पाठीला दुमडलेल्या गोधडीचा टेकू. सिस्टरनी आधी हात धुतले, मग कमरेवरची जागा पाहिली. रुपयाएवढा लाल डाग होता. बोटाने दाबलं तरी पांढरा पडत नव्हता; जखम सुरू होण्याची ती खूण असते.

"वेळेवर आलो का?" मी विचारलं.

"पाहू," सिस्टर म्हणाल्या. "गादी टाका."

गादी टाकली. नळ्या मोकळ्या केल्या. मग दुर्गाने हात पुढे केला. "पंप?"

ओंकारने गाडीतलं खोकं पाहिलं. रिकामं होतं. त्याने ॲप उघडलं, आणि त्याने काही सांगण्याआधीच मला कळलं. आदल्या दिवशी वीस मिनिटांत पोहोचलेला तो एक उपलब्ध पंप गुंफाबाईंचा होता. स्टिकर लावताना आम्हीच त्याला गादीपासून वेगळं केलं होतं. आता तो देऊळघाटला दुसऱ्या माणसाच्या गादीत हवा भरत होता. तिथून काढून आणायचा, तर तिथे हीच गोष्ट घडणार. बुलढाण्याला नवा मिळेल का, म्हणून मी फोन लावला. दुकानदार म्हणाला, मागवून देतो, परवा येईल.

"परवा?" दुर्गा म्हणाली.

सिस्टरनी पिशवीतून वही काढली. गादीचं पान उघडलं आणि नावांवरून बोट खाली नेलं. दुर्गाच्या वर लीलाबाईंचं नाव होतं, आणि त्यापुढे बारीक अक्षरात 'जुना पंप तिच्याकडेच.'

"दुर्गे, लीलाले फोन लाव. जुना पंप फेकला त नाही ना, विचार."

लीलाबाई त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून. फोन ठेवल्यावर दहाव्या मिनिटाला त्या दारात होत्या, काखेत कापडी पिशवी. साठीच्या, ठणठणीत. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात ही गादी त्यांच्याकडे होती.

"फेकीन काऊन?" त्या आत येता येता म्हणाल्या. "आवाज करते, पण चालते. तुमच्या पुण्यावाल्याईनं सांगतलं होतं, हा बाद झाला. मी म्हटलं, होऊ दे बाद, ठेवतो कपाटावर."

बाद झालेल्या वस्तूंची ती यादी माझ्या हातची होती. मी ती टेबलावर बसून केली होती, पंपाचं वय पाहून.

पंप लावला. पिठाच्या गिरणीसारखा घरघरला आणि गादीचे फुगवटे एकेक करून वर आले. लीलाबाई पंप देऊन गेल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, दुर्गाला पलीकडे उभं केलं आणि दोघींनी मिळून चादरीसकट गुंफाबाईंना गादीवर घेतलं. मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी टाच धरा. टाच गादीला टेकू द्याची नाही." मी टाच धरली. इतकी वर्षं या कामात आहे, आणि रुग्णाची टाच मी पहिल्यांदा हातात घेतली होती. ती अगदी हलकी होती.

गुंफाबाईंना बोलता येत नाही. पंपाचा आवाज ऐकून त्यांनी लीलाबाईंकडे पाहिलं, तेव्हा लीलाबाई म्हणाल्या, "हाव, मीच होय. झोप आता. हा भोंगा वाजतच राह्यते, सवय कर."

दुर्गाने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात. भाकरी वाढताना ती सिस्टरना म्हणाली, "सिस्टर, राग मानू नका, पण याच्यापुढं तुमचा मेसेज आला का मी आधी लीलाबाईले विचारीन. मंगच करीन."

"विचारत जा," सिस्टर म्हणाल्या आणि खाली मान घालून जेवत राहिल्या.

हात धुवायला मी अंगणात गेले, तेव्हा दुर्गा तांब्या घेऊन मागे आली. हळूच म्हणाली, "मॅडम, तुमी मोठ्या जागी आहा. एक सांगतो. सिस्टरवर कारवाई नका करू. वय झालं त्याईचं, होते चूक. पण आमच्यासाठी लय केलं त्याईनं."

मी "नाही, नाही" म्हणाले. इतकंच म्हणाले. तिने पाणी घातलं, मी हात धुतले.

घाट चढताना मी सिस्टरना विचारलं, "तुम्ही तिला का नाही सांगितलं, की मेसेज माझा होता?"

"माह्या नावानं गेला ना? मंग माह्याच," त्या म्हणाल्या. "वाचून टाकायले पाह्यजे होता मी." मग बाहेर बघत म्हणाल्या, "आणि मी सांगतलं असतं त काय झालं असतं? पुण्यावर ढकलते बुढी, असंच वाटलं असतं तिले. तुमचं तुमी सांगतलं त गोष्ट वेगळी."

पुणे, परतल्यावर

हजर: मी आणि वही.

प्रवासात निघालेली कामं परतल्यावर तीन आठवड्यांत बरीचशी झाली. गादी आणि पंप यांना आता एकच क्रमांक आहे; ओंकारने पहिल्याच दिवशी बदल केला. 'सोबत कोण गेलं' असा रकाना ॲपमध्ये आला आहे आणि तो भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. कार्यालयात एकाने विचारलं, टेम्पोवाल्याचं नाव टाकलं तर चालेल का. चालणार नाही, असं मी लेखी कळवलं. बाद सामानाची यादी आता वापरणाऱ्याला विचारून होते. गावांच्या ग्रुपवर जाणारा मेसेज आधी दोघांनी वाचायचा आणि खाली लिहिणाऱ्याचंच नाव टाकायचं, हा नियमही केला. सिस्टरची वही ओंकारने पानापानाने उतरवून घेतली आहे. देऊळघाटच्या बायका ॲप रोज वापरतात. फोटो त्यांनी पुन्हा काढले.

गुंफाबाईंच्या कमरेवरची कातडी चौथ्या दिवशी उघडली. जखम लहान आहे आणि भरते आहे, असं सिस्टर कळवतात. त्या दर आठवड्याला घाट उतरून पट्टी बदलायला जातात. मागच्या शनिवारी त्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं की वडनेरला एक कमोड खुर्ची रिकामी झाली आहे, कुणाला हवी असल्यास सांगा. दोन दिवस कुणी उत्तर दिलं नाही. पूर्वी अशा मेसेजला तासाभरात तीन उत्तरं यायची. मग सिस्टरनी एकेकाला फोन केले.

वहीत या प्रवासाची चौदा कामं होती. तेरांपुढे हिरवी खूण आहे. चौदावं मी ७ तारखेला, घाट चढताना, गाडीतच लिहिलं होतं: 'दुर्गाला फोन. मेसेज माझा होता.' तिचा नंबर शेजारी लिहिलेला आहे. काम दोन मिनिटांचं आहे. रोज सकाळी नवी यादी करताना मी ते आदल्या पानावरून पुढच्या पानावर उतरवून घेते. आज सकाळीही उतरवलं.